गळ्यात शिट्टी

गडचिरोली, आरमोरी, चामोर्शी, मूल, सावली. यांपैकी कोणत्याही गावच्या मैदानावर पहाटे पाचला गेलात तर शिट्टी ऐकू येते. ती शिट्टी पोलीस भरतीची असते. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. वनरक्षकांची भरती निघाली की मुलांना पाच किलोमीटर, मुलींना तीन. हातात घड्याळ धरून, वेळा वहीत टिपत उभा असलेला माणूस पुष्कळदा जुना खेळाडू असतो. शाळेत-कॉलेजात जिल्ह्याकडून खेळलेला, नंतर स्वतःची भरती हुकलेला किंवा वय निघून गेलेला. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगल जिल्ह्यांत खेळाडूला शिकवण्याचे हमखास पैसे मिळतात ते इथे. पोरे फी देतात, कारण शेवटी नोकरी दिसते.

आता समजा, हा माणूस फुटबॉल खेळलेला आहे आणि त्याला फुटबॉलच शिकवायचा आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्याच्या वसाहतीत किंवा घुग्घुसच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत तो वाढला, जिल्हा संघात आला, विभागीय स्पर्धेत नागपूरला जाऊन दोन-चार वर्षे खेळला. तिशी आली, गुडघा बोलू लागला. पुढे काय? आपल्या राज्यात हा रस्ता कोणी चालून दाखवला आहे का?

दाखवला आहे. त्यासाठी आधी मुंबईला जायला हवे. परतताना मात्र हैदराबाद आणि नागपूर अशी दोन स्टेशने घ्यावी लागतील. ती का, ते पुढे येईल.

२००९ च्या जूनमध्ये मुंबई एफसी या क्लबने आपल्याच एका खेळाडूला मुख्य प्रशिक्षक केले. खालिद जमील त्याचे नाव, वय ३२. जन्म कुवेतचा, फुटबॉलची सगळी कारकीर्द मुंबईची. मधल्या फळीत खेळणारा खालिद महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडिया यांच्याकडून खेळून २००७ मध्ये मुंबई एफसी निघाल्यावर तिकडे आला. भारताकडूनही खेळला. दुखापतींनी मात्र त्याची पाठ सोडली नाही. क्लबचे इंग्रज प्रशिक्षक डेव्हिड बूथ गेले आणि त्यांच्या हाताखाली खेळलेल्या या मितभाषी माणसाकडे संघ आला. मोठे नाव आणायला क्लबकडे पैसा नव्हता. घरचा माणूस स्वस्तात पडतो, हा हिशोब त्यात असणारच. माझ्या मते असल्या हिशोबांनीच आपल्याकडचे बरेच चांगले प्रशिक्षक जन्माला घातले आहेत.

बत्तिसाव्या वर्षी सुरुवात करणारा आणखी एक माणूस फुटबॉलच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ईस्ट स्टर्लिंगशायर नावाच्या चिमुकल्या क्लबने अ‍ॅलेक्स फर्ग्युसनला अर्धवेळ कामावर घेतले. तो तिथे पोहोचला तेव्हा संघ पुरा होईल इतके खेळाडूही नव्हते आणि गोलरक्षक तर एकही नव्हता. मँचेस्टर युनायटेडची सत्तावीस वर्षे नंतरची. पहिले काम गोलरक्षक शोधण्याचे होते.

ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण प्रशिक्षक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो फळ्यावर खडूने बाण काढणारा, बाजूरेषेवरून ओरडणारा माणूस. ते त्याच्या कामाचे सर्वांत दिसणारे, पण कदाचित सर्वांत छोटे अंग. इंग्लंडमध्ये या माणसाला मॅनेजरच म्हणतात. सराव, निवड, खेळाडूंची खरेदी, शिस्त, सगळे त्याच्या एका गळ्यात. आपल्याकडे संतोष ट्रॉफीला राज्याचा संघ जातो तेव्हा कोच वेगळा आणि मॅनेजर वेगळा असतो. मॅनेजर म्हणजे नोंदणी, ओळखपत्रे, रेल्वेची तिकिटे, राहणे-जेवण, आयोजकांशी भांडण. कागदावर ही दोन पदे आहेत. छोट्या क्लबात आणि जिल्हा पातळीवर ती एकाच माणसाच्या दोन खिशांत असतात, आणि पैसे बहुधा दोन्ही खिशांतून जातात.

चांगला खेळाडू चांगला प्रशिक्षक होतोच असे नाही, हे आता सगळेच म्हणतात. उदाहरणेही ठरलेली आहेत. मॅराडोनाचा अर्जेंटिना २०१० च्या विश्वचषकात जर्मनीकडून ०-४ असा हरला. उलट आरिगो साक्कीने व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही, वडिलांच्या बुटांच्या धंद्यात तो काम करायचा. त्याने मिलानला १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ दोन युरोपियन विजेतेपदे मिळवून दिली. दुसऱ्या पारड्यात झागालो, बेकेनबाउर, देशाँ आहेत, खेळाडू म्हणूनही जगज्जेते आणि प्रशिक्षक म्हणूनही. तेव्हा या वादातून फारसे काही निघत नाही. विचारायला हवे ते असे की खेळाडूला खेळताना जे कधीच करावे लागत नाही, असे काय प्रशिक्षकाला रोज करावे लागते?

खेळाडूला स्वतःचे पाय सांभाळायचे असतात. प्रशिक्षकाला वीस-पंचवीस जणांचे. रविवारी सामना असेल तर मंगळवारी दमवायचे, शनिवारी हलके ठेवायचे, हे गणित त्याचे. चेंडू पायात आला की काय करायचे हे चांगल्या खेळाडूला आपोआप सुचते आणि इथेच तो अडतो, कारण आपोआप सुचलेले दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही. ते तुकडे करून, दहा मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध दोन असा खेळ मांडून, पोरांच्या पायात उतरवावे लागते. त्याहून अवघड म्हणजे कालपर्यंत ज्याच्याबरोबर एका खोलीत राहिला, एका ताटात जेवला, त्याला ‘तू आज बाहेर’ असे सांगणे. खालिदने हे पहिल्याच दिवसापासून केले असणार, कारण त्याच्या संघात कालचे सहकारीच होते.

मुंबई एफसीत तो सात वर्षे राहिला. भारतीय फुटबॉलच्या मानाने एका क्लबात सात वर्षे म्हणजे जन्मच. या काळात संघाने कोणतीही मोठी ट्रॉफी उचलली नाही. बहुतेक वर्षी तळाच्या आसपास, खाली घसरण्याची भीती आणि शेवटी कसाबसा बचाव. मुंबईचे कूपरेज मैदान दुरुस्तीला गेले तेव्हा घरचे सामने पुण्यात बालेवाडीला. बचाव घट्ट, मग लांब चेंडू आणि प्रतिहल्ला, अशी त्याच्या संघांची ओळख झाली ती तिथे. बघायला हा खेळ नेहमी सुंदर नसतो, आणि टीकाकारांनी ते वेळोवेळी ऐकवलेही. पण कमी पैशात उभ्या केलेल्या संघाला गोल न खाणे हे पहिले शहाणपण वाटावे, यात गैर काय? २०१६ मध्ये क्लबने त्याला निरोप दिला.

पुढचे वर्ष कोणी कथेत लिहिले असते तर अतिशयोक्ती म्हणून खोडले असते. मिझोरमचा ऐझॉल एफसी २०१५-१६ च्या आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून, खाली घसरला होता. गोव्यातल्या क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले म्हणून त्याला पुन्हा वर घेतले गेले, आणि संघ खालिदकडे आला. ऐझॉलचा खर्च मोहन बागान किंवा बेंगळुरूच्या पासंगालाही पुरत नव्हता. त्याने स्थानिक मिझो पोरे ठेवली आणि मुंबईहून आपली ओळखीची माणसे नेली. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीतले, गोलात गोव्याचा आल्बिनो गोम्स, मध्यभागी सीरियाचा महमूद अल अमना. २२ एप्रिल २०१७ ला ऐझॉलने मोहन बागानला १-० हरवले. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ बरोबरी झाली आणि ३७ गुणांसह विजेतेपद त्यांचे. मोहन बागान ३६ वर राहिले. ईशान्येतला संघ राष्ट्रीय लीगचा विजेता होण्याची ती पहिली वेळ. त्याच हंगामात, खालिदला सोडून दिलेला मुंबई एफसी तळाला जाऊन घसरला आणि लवकरच बंदही पडला.

खेळाडू निवडणे, कोणाला कुठून आणायचे, किती पैशात आणायचे, कोणाशी कोणाचे जमेल, ही सगळी कामे इंग्लंडमधल्या अर्थाने मॅनेजरची. ऐझॉलचे यश फळ्यावरच्या बाणांपेक्षा या कामात जास्त होते असे मला वाटते. सात वर्षे गरीब संघ चालवलेल्या माणसाला खेळाडूचा भाव आणि खेळाडूची किंमत यातला फरक कळतो.

नंतरचा रस्ता सरळ चढाचा नाही. ईस्ट बंगालमध्ये एक हंगाम, लीगमध्ये चौथे स्थान, निरोप. २०१९ मध्ये मोहन बागानकडे उरलेल्या हंगामापुरती जबाबदारी. २०२१ च्या जानेवारीत नॉर्थईस्ट युनायटेडने परदेशी प्रशिक्षकाला काढले आणि उरलेले सामने खालिदकडे दिले. संघ तिसरा आला. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) भारतीय प्रशिक्षकाने संघाला बाद फेरीत नेण्याची ती पहिली वेळ. पुढच्या हंगामासाठी त्याला पूर्ण वेळ नेमले, आणि तो हंगाम साफ फसला. अकरा संघांत दहावे स्थान. २०२३ च्या अखेरीस जमशेदपूरने बोलावले. तिथे २०२४-२५ मध्ये आयएसएलची उपांत्य फेरी, सुपर कपची अंतिम फेरी. भारतीय फुटबॉल महासंघाने लागोपाठ दोन वर्षे वर्षातला सर्वोत्तम पुरुष प्रशिक्षक म्हणून त्याला गौरवले, आणि १ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रीय संघ त्याच्याकडे सोपवला. २०१२ मध्ये गोव्याचे सावियो मेदेरा पायउतार झाल्यानंतर या पदावर आलेला हा पहिला भारतीय.

पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियाच्या कॅफा नेशन्स कपमध्ये, ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवले, ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे स्थान मिळवले. ऑक्टोबरात सिंगापूरशी बाहेर बरोबरी झाली, आणि घरच्या मैदानावर, गोव्यात फातोर्ड्याला, १-२ असा पराभव; आशियाई चषकाचे दार बंद. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडूनही हार. ऑगस्टमध्ये डोक्यावर घेतलेल्या माणसाला नोव्हेंबरात प्रश्न विचारले जाऊ लागले. या धंद्यात हे चालायचेच, फक्त धंद्यात शिरणाऱ्याला ते आधी कोणी सांगत नाही.

खालिदचे नाव घेऊन ‘महाराष्ट्रात रस्ता आहे’ असे म्हणताना मला थोडे अवघडायला होते. रस्ता आहे, पण रस्त्यावरची गावे उठून गेली आहेत. महिंद्रा युनायटेडने २०१० मध्ये गाशा गुंडाळला. एअर इंडिया २०१३ मध्ये आय-लीगच्या परवान्याच्या अटींत बसेना म्हणून बाहेर गेली. पुणे एफसी २०१२-१३ ला दुसरा आला होता. तो काही वर्षांत विकला गेला, मोडला. पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळून २०१७ मध्ये दिसेनासा झाला. खेळाडूंना निदान दुसऱ्या राज्यात नोकरी मिळते. संघ बंद पडला की प्रशिक्षक, सहायक, गोलरक्षकांचा कोच, किट सांभाळणारा, मालिश करणारा, ही सगळी उतरंड एका दिवसात बेकार होते, आणि शिकाऊ माणसाने जिथे उमेदवारी करायची ती जागाच जाते.

गोव्यात ही उतरंड टिकली, म्हणून तिथून प्रशिक्षक येत राहिले. आर्मांदो कोलासो यांनी धेम्पोला पाच वेळा राष्ट्रीय विजेते केले, २००५ ते २०१२ दरम्यान. डेरिक परेरा हा साळगावकर आणि महिंद्राचा बचावपटू. त्याने २००५-०६ मध्ये प्रशिक्षक म्हणून महिंद्राला लीग जिंकून दिली, पुणे एफसीला दुसऱ्या स्थानावर नेले ते त्यानेच. धेम्पोचा क्लिफर्ड मिरांडा आधी एफसी गोवाच्या लहान संघांबरोबर, मग सहायक, मग काही सामने मुख्य, असे करत ओडिशाला पोहोचला आणि एप्रिल २०२३ मध्ये सुपर कप जिंकला. तो जिंकणारा पहिला भारतीय प्रशिक्षक. प्रत्येकाच्या वाटेवर मधल्या पायऱ्या आहेत. चौदा वर्षांखालचा संघ, राखीव संघ, सहायकपद. त्या कोणीतरी बांधून ठेवलेल्या होत्या.

कागदाच्या पायऱ्याही आहेत, आणि त्या सगळ्यांना सारख्या. भारतात सुरुवात ‘ई’ आणि ‘डी’ प्रमाणपत्राने होते. त्यावर आशियाई महासंघाचे परवाने, सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो. ‘डी’ म्हणजे लहान मुलांना शिकवण्याची पात्रता, काही दिवसांचा अभ्यासक्रम. थोडे वर्गात, बरेच मैदानावर, शेवटी परीक्षा. आयएसएलमध्ये मुख्य प्रशिक्षक व्हायचे तर प्रो हवा. दोन परवान्यांच्या मध्ये प्रत्यक्ष संघ शिकवल्याचा अनुभव दाखवावा लागतो. ही अट योग्यच आहे. अडचण अशी की अभ्यासक्रम बहुधा मोठ्या शहरांत भरतात. भामरागडच्या किंवा जिवतीच्या माणसाला फी, एसटी, राहणे आणि तेवढ्या दिवसांची बुडालेली मजुरी असा चार बाजूंनी खर्च येतो. आणि परत आल्यावर अनुभव घ्यायचा तो कुठल्या संघावर?

इथे हैदराबादचे स्टेशन घ्यावे लागते. सिरोंच्याच्या माणसाला हैदराबाद मुंबईच्या निम्म्याहूनही जवळ; प्राणहिता-गोदावरी ओलांडली की तेलंगणच लागते. भारताचा आजवरचा सर्वांत मोठा फुटबॉल प्रशिक्षक त्या शहरातला एक शाळामास्तर होता. सय्यद अब्दुल रहीम. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत भारताला सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथे स्थान. हे यश सर्वांना माहीत आहे, त्यांच्यावरच्या ‘मैदान’ चित्रपटानंतर तर जास्तच. मला त्यांच्या आयुष्यातली दुसरी एक बाब अधिक कामाची वाटते. रहीमसाहेब हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते, १९४० च्या दशकापासून १९६३ मध्ये वारले तोवर. म्हणजे सामने ठरवणे, मैदान मिळवणे, क्लबांची भांडणे सोडवणे, हिशोब ठेवणे. सकाळी शाळा, संध्याकाळी मैदान आणि मधल्या वेळात संघटना. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स कप उचलला. आज गडचिरोलीइतके पोलीस दल राज्यातल्या फार थोड्या जिल्ह्यांत असेल. भरतीसाठी तिथली मुले धावतात ते पाहून मला हैदराबादचे पोलीस आठवतात. तुलना ओढूनताणून आणलेली वाटली तरी हरकत नाही.

दुसरे स्टेशन नागपूर. विजय बारसे हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. २००१ साली पावसात झोपडपट्टीतली पोरे फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांनी पाहिली आणि त्यांना फुटबॉल दिला, ही कथा ‘झुंड’मुळे (२०२२) घरोघरी गेली. चित्रपटात मैदानावरचे नाट्य आहे, अमिताभ बच्चन आहेत. खरे काम त्याआधीचे आणि रुक्ष होते. झोपडपट्ट्यांतल्या संघांची स्पर्धा जाहीर केली तेव्हा १२८ संघ आले. इतके संघ नोंदवणे, त्यांच्या वेळा लावणे, पंच मिळवणे, पोरांनी एकमेकांची डोकी फोडू नयेत इतपत व्यवस्था ठेवणे, याला काय म्हणायचे? टीम मॅनेजमेंट म्हणतात ते हेच. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले, आणि २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार त्याला मिळाला. त्या मैदानावर खेळलेला अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओ दि जानेरोला बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार होता, आणि पुढे त्याच मैदानांवर प्रशिक्षक झाला. खेळाडूतून प्रशिक्षक घडण्याचे चंद्रपूरला सर्वांत जवळचे उदाहरण हेच, रेल्वेने तीन तासांवर.

हे दोघे, म्हणजे रहीम आणि बारसे, खालिदच्या उलट क्रमाने गेले. मुंबईत किंवा मडगावात माणूस आधी सहायक कोच होतो, मग कोच, आणि जमले तर एक दिवस संघ बांधणारा मॅनेजर. तिथे क्लब आधीच उभा असतो. जिथे क्लब नाही तिथे मॅनेजर आधी व्हावे लागते. चंद्रपूर-गडचिरोलीत शिट्टी गळ्यात घालण्यापूर्वी वही हातात घ्यावी लागते.

वहीत काय असते? सुब्रोतो कपचे उदाहरण घेऊ. हवाई दलाच्या पुढाकाराने १९६० पासून मुख्यतः दिल्लीत भरणारी ही शालेय स्पर्धा आहे. जिल्हा, विभाग, राज्य अशा चाळण्यांतून संघ तिथे जातो. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही नागपूर विभागात. म्हणजे जिल्हा जिंकला की गाठ नागपूरच्या शाळांशी, ज्यांची पोरे वर्षभर बूट घालून खेळतात. विदर्भात शाळा उघडते जूनच्या शेवटी आणि जिल्हा फेरी बहुधा जुलैत. सरावाला हाती उरतात तीन-चार आठवडे, आणि त्याच दिवसांत धानाची रोवणी. मोठी पोरे बांधीत हवी असतात. बाप ‘रोवणा होऊ दे, मग खेळ’ म्हणतो, आणि रोवणा होईस्तोवर जिल्हा फेरी आटोपलेली असते. जो माणूस एप्रिल-मेमध्ये, शाळा बंद असताना, संघ बांधून ठेवत नाही, त्याच्या हाती जुलैत फक्त नावांची यादी असते.

मग कागद. जन्मतारखेचा दाखला, बोनाफाईड, आधार, ऑनलाइन नोंदणी, मुख्याध्यापकांचा शिक्का मारलेले फोटो. आश्रमशाळेतल्या मुलाच्या दाखल्यावर एक तारीख आणि आधारवर दुसरी, हे नेहमीचे. कागदाच्या चुकीने पोरगा बाद झाला की गावात तो कोचच्याच नावावर जातो, आणि ते बरोबरही आहे. वरच्या पातळीवर मनगटाचा एक्स-रे काढून वय तपासतात, तिथे दाखला कामाचा राहत नाही. त्यानंतर बूट. अनवाणी उत्तम खेळणारा पोरगा पहिल्यांदा स्टड घातले की महिनाभर चाचपडतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी बूट वाटणारा मॅनेजर आपल्याच हाताने संघ हरवतो.

आणि दोन गोष्टी अशा, ज्या कोणत्याही परवान्याच्या अभ्यासक्रमापेक्षा इथल्या माणसाने आधी शिकायला हव्यात. पहिली ऊन. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंश सहज ओलांडतो. उन्हाळी शिबिर साडेसातच्या आत संपलेच पाहिजे, आणि पाण्याचा ड्रम गोलपोस्टइतकाच आवश्यक. दुसरी सिकलसेल. पूर्व विदर्भातल्या आदिवासी आणि इतरही काही समाजांत हा आनुवंशिक रक्तदोष बऱ्याच प्रमाणात आहे. रुग्ण मुलाला जास्त दमछाक, ऊन आणि पाण्याची कमतरता यांनी तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो; नुसता वाहक असलेल्यालाही कडक उन्हात अति दमवणे धोक्याचे ठरू शकते. पोरगा मागे पडतोय म्हणून ‘आळशी’ ठरवून आणखी दोन फेऱ्या लावणारा कोच इथे जिवाशी खेळत असतो. रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात होते. तिचा निकाल वहीत, नावापुढे, बुटाच्या मापाशेजारी असायला हवा. आणि ज्याचा निकाल तसा आला त्याच्या सरावाबद्दल डॉक्टरांना विचारायचे, स्वतः ठरवायचे नाही.

मुले मिळतील का, ही शंका मात्र मला कधी वाटली नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. ‘मिशन शौर्य’ त्याचे नाव. त्यांना निवडून, टप्प्याटप्प्याने भोंगीर, दार्जिलिंग, लेह असे नेऊन तयार केले गेले. पर्वत न पाहिलेल्या जिल्ह्यातून हे झाले, कारण आदिवासी विकास विभागाने आणि जिल्हा प्रशासनाने माणसे आणि पैसे लावले. फुटबॉलला मैदान सपाट लागते एवढाच काय तो फरक. बल्लारपूरजवळ विसापूरला क्रीडा संकुल आहे, २०२३ च्या डिसेंबरात तिथे राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धाही झाल्या. कोळसा, वीज, कागद, सिमेंट असे इतके उद्योग या पट्ट्यात आहेत. खालिदला ज्या जमशेदपूरने बोलावले ते गाव एका कारखान्याभोवती वसलेले, आणि त्या कारखान्याने १९८७ मध्ये टाटा फुटबॉल अकादमी काढली. त्या तोडीचे काही आपल्या काळ्या मातीत अजून उभे राहिले नाही, आणि ते कोणी उभे करील म्हणून वाट पाहत बसणाऱ्याची पंचेचाळिशी येईल.

२०१७ मध्ये, सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात होण्याआधी, राज्य सरकारने १५ सप्टेंबरला शाळाशाळांत चेंडू वाटून दहा लाख मुलांना एकाच दिवशी मैदानावर उतरवले. चेंडू आले. खेळ शिकवायला माणूस आला नाही. आज जुन्या खेळाडूने सुरुवात करायची तर ती अशा एखाद्या शाळेतूनच करावी. पीटीच्या सरांशी बोलावे, ते बहुधा एकटे आणि तीन खेळांच्या मागे धावत असतात. त्यांना हातभार मिळाला तर हवाच असतो. मुख्याध्यापकांकडून तासभर मैदान मागावे. पहाटेच्या भरतीच्या फीवर स्वतःचे घर चालू द्यावे, त्यात कमीपणा नाही. संध्याकाळी बारा वर्षांखालची वीस मुले आणि त्यांच्यातच मुलीही घ्याव्यात, कारण सुब्रोतोत सतरा वर्षांखालील मुलींचा गट आहे आणि जिल्हा फेरीला मुलींचे संघ मोजकेच येतात. नीट बांधलेला संघ पहिल्याच वर्षी नागपूरला पोहोचू शकतो. त्या वर्षभराच्या सरावाची तारीखवार नोंद ठेवावी. ‘डी’ करून ‘सी’ ला अर्ज करताना अनुभव विचारतात तेव्हा दाखवायला तीच वही लागते.